डॉक्टर पायाळूंचा पत्ता

आमच्या दवाखान्यात पुठ्ठ्याचं एक खोकं होतं. टेबलावर पालथं झोपायच्या आधी पेशंटचे खिसे रिकामे करून घेणं हे माझं काम. किल्ल्या, कंगवा, चुन्याची डबी, अडकित्ता, एकदा तर मूठभर सरकी! उठून जाताना निम्म्या वस्तू लोक विसरायचे आणि मी त्या खोक्यात टाकायची. किश्श्यांचंही तसंच झालं. खिसा रिकामा करता करता माणूस तोंडही रिकामं करतो. वस्तू लोक परत घेऊन गेले, किस्से माझ्याकडेच राहिले. आता ते फार साचलेत, म्हणून तुम्हाला सांगते.

कापसाला भाव नव्हता ती वर्षं. यवतमाळात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत अमेरिकेहून शिकून आलेल्या एका डॉक्टरांनी दवाखाना टाकला. औषध नाही, इंजेक्शन नाही, नुसत्या हाताने मणके जागेवर बसवायचे. याला म्हणतात कायरोप्रॅक्टिक. मी त्यांची असिस्टंट, सुजाता.

*

आता 'कायरोप्रॅक्टिक' हा शब्द सरांनी कागदावर लिहून दिला होता. तरी पेंटरने बोर्डावर झोकात रंगवलं, 'कैरोप्रॅक्टिक क्लिनिक'. सर म्हणाले, चालेल, एका काना-मात्रेने काय होतंय!

चौथ्या दिवशी बाभुळगावकडचे एक काका पोतं घेऊन दारात उभे. मी म्हटलं, "या काका, कंबर दुखते का?"

"कंबर कायले दुखीन? इथं कैऱ्या घेते म्हन्ते ना?"

पोत्यात खरंच कैऱ्या होत्या. मग गावभर तेच नाव पडलं. 'कैरीचे डॉक्टर'. रिक्षावाले, पोस्टमन, मेडिकलवाले, सगळे तेच म्हणायचे. सरांनी महिनाभर प्रत्येकाला समजावून सांगितलं आणि मग सोडून दिलं. मला म्हणाले, "सुजाता, दहा वर्षं अमेरिकेत काढली आणि घरी येऊन लोणच्यात पडलो!"

*

मुलाखतीत सरांनी मला कामं सांगितली. फॉर्म भरायचा. शेकाची पिशवी गरम ठेवायची. टेबलावरचा कागद दर पेशंटला बदलायचा. माणसाला पालथं झोपवायचं आणि त्याची भीती घालवायची. पुढची तारीख वहीत लिहायची. आणि फॉर्म भरल्याशिवाय टेबलावर कुणालाही घ्यायचं नाही, मग तो कलेक्टर का असेना!

शेवटी ते जरा कडक आवाजात म्हणाले, "एक गोष्ट लक्षात ठेवा. अंगारा, उतारा, झाडफूक, गावठी उपाय इथे चालणार नाहीत. माझ्या स्टाफपैकी कुणी तसलं काही केलं तर त्याच दिवशी नोकरी संपली."

मी म्हटलं, "होय सर." सरांना ठाऊक नव्हतं, पण ती ताकीद नेमकी मलाच लागू होती. का, ते पुढे सांगते.

*

मान फिरवली की 'कट्ट' असा आवाज येतो. हाडाचा नाही, सांध्यातल्या हवेचा. सरांनी मला मणक्यांचं मॉडेल हातात देऊन हे सगळं समजावलं होतं आणि मला ते इतकं आवडलं होतं की घरी जाऊन मी बाबांनाही शिकवलं. पण हे पेशंटला आधी सांगायचं असतं, हे मात्र पहिल्या दिवशी कुणालाच सुचलं नाही!

आत सरांनी एका गुरुजींची मान फिरवली. कट्ट! बाहेर चार जण बसले होते. मी पुढचं नाव पुकारायला बाहेर आले तर बाकडं रिकामं. एकाच्या तर दोन्ही चपला तिथेच होत्या.

तेव्हापासून मी आधीच सांगायला लागले, "आवाज येईल, घाबरू नका." तर उलटंच झालं. नेरचे एक काका उपचार झाल्यावर टेबलावरून उठेचनात.

"झालं काका, उठा."

"झालं कसं? आवाज तं नाही आला!"

"आवाजाचा काही संबंध नसतो काका. कुणाचा येतो, कुणाचा नाही."

"माह्या साडूचा आला. बाहेरच्या लोकाईनं आइकला. मंग माहाच काहून नाही?"

सरांनी कपाळाला हात लावला. आमच्या टेबलाला एक खटका होता, तो दाबला की एक फळी खाली आदळायची. सरांनी तो दाबला. धाड्!

काका ताडकन उठले. "हां! आता कसं मोकळं वाटून राह्यलं!"

*

फॉर्मवर एक प्रश्न असायचा. दुखणं एक ते दहापैकी किती? अमेरिकेत म्हणे लोक पटकन आकडा सांगतात. आपल्याकडे आकडा सांगायच्या आधी माणूस तुमच्या तोंडाकडे बघतो.

कापूस वेचायला जाणारी एक बाई म्हणाली, "वावरात दहा. घरी गेली का चार."

मला कुतूहल वाटलं. म्हटलं, "घरी कमी होतं का?"

"कमी कायले होईन बाई? घरी सांगाले कोणी नाही."

तो आकडा कसा लिहावा ते मला कळेना. शेवटी दोन्ही लिहिले.

त्याच आठवड्यात एक शेतकरी आले. कापूस विकायला मार्केटात चार दिवस गाडीत बसून नंबर लावलेला, त्याने पाठ आखडलेली. मी विचारलं, "दहापैकी किती?"

"बारा."

"दहाच्या वर नाही लिहिता येत भाऊ."

"मले माहीत हाये बाई. पन तुमचे साहेब ग्रेड पाडनारच ना! मी बारा सांगितले तं ते दहा धरतीन. दहा सांगितले तं आठ. चार दिवस तेच पाहून राह्यलो!"

आतून सर म्हणाले, "लिहा, बारा लिहा."

*

जिनिंगमधला एक हमाल मात्र कायमचा लक्षात राहिला. सरांनी त्याला निक्षून सांगितलं, "पंधरा दिवस अजिबात वजन उचलायचं नाही."

तो सरांकडे बघून हसला. "साहेब, औंदा कापसालेच उठाव नाही. मी काय उचलू?"

*

आता त्या ताकिदीकडे येते.

फॉर्मवर पाचवा प्रश्न होता, 'यासाठी पूर्वी कोणते उपचार घेतले?' आणि दहातले सात जण एकच उत्तर द्यायचे. पायाळू. मी मुकाट्याने लिहायची. बाभुळगाव, पायाळू. नेर, पायाळू. पार झरी जामणीहून आलेल्या फॉरेस्टच्या मजुराचंही तेच, पायाळू.

सर शहरात वाढलेले, वकिलांच्या घरातले. महिनाभराने फॉर्मचा गठ्ठा पुढ्यात घेऊन ते मला म्हणाले, "सुजाता, हे डॉक्टर पायाळू कोण आहेत?"

मी शेकाची पिशवी बघायला वळले.

"जिल्हाभर प्रॅक्टिस दिसतेय त्यांची! माझा प्रत्येक पेशंट आधी त्यांच्याकडे जाऊन आलेला. साउथ इंडियन असावेत. जरा पत्ता काढा, मला त्यांना भेटायचंय."

पेशंटला विचारलं तर तेही गोंधळ वाढवायचे. "पायाळू? आमच्या गावात हाये ना. बाजूच्या गावातबी हाये." सर थक्क! म्हणजे एवढ्या ब्रँच? फी विचारली तर, "फी कायची जी? पाच मिनिटाचं काम." शेवटी सरांनी एका औषध कंपनीच्या एमआरला विचारलं. एमआर कधी 'माहीत नाही' म्हणतो का? तो म्हणाला, "हो सर, परवाच भेटलो. फार बिझी असतात!"

आता तुम्हाला माहीत असेलच, तरी सांगते. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. कंबरेत उसण भरली, लचक आली, की पायाळू माणसाने तिथे तीनदा हलकी लाथ मारायची. म्हणजे उसण जाते, असं लोक म्हणतात.

आणि मी पायाळू आहे!

*

आमचं घर बौद्ध. बाबा गावच्या शाळेत मास्तर. असल्या गोष्टींवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. पण मी चालायला लागले तशी सकाळी सकाळी वाकलेली माणसं आमच्या अंगणात यायला लागली. आमच्या गावची रीत अशी की पायाळूने तोंडात काही घालायच्या आधी, उपाशीपोटी, डाव्या पायाने लाथ मारायची. मी डोळे चोळत उठायची आणि मोठमोठ्या माणसांना लाथा घालायची. मग आई मला चहा द्यायची.

गंमत अशी की यातल्या बऱ्याच जणांना आमच्या घरचं पाणी चालत नव्हतं. लाथ चालायची!

बाबांच्या हे लक्षात आलं तेव्हा त्यांनी अंगणात उभं राहून अट घातली. "आधी घरात या, बसा, पाणी प्या. मग लाथ."

गावातले एक मोठे शेतकरी ते ऐकून तसेच वाकलेले परत गेले. दुसऱ्या दिवशी आले, पुन्हा परत गेले. तिसऱ्या दिवशी आले, घरात बसले, आईने दिलेला पेला एका दमात रिकामा केला आणि म्हणाले, "मार व पोरी लवकर."

नंतर कुणी बाबांना छेडलं, "मास्तर, तुमचा इश्वास तं नाही यावर." बाबा म्हणाले, "माहा लाथेवर नाही. पान्यावर हाये."

हे सगळं मला आज अभिमानाने सांगता येतं. पण तेव्हा मला माझ्या पायाचा रागच यायचा. शाळेत मी गणितात पहिली आले तरी लोकांना माझा डावा पायच ठाऊक! दवाखान्यात आयुष्यात पहिल्यांदा लोक माझ्या हाताकडे बघत होते. मी लिहिते, मी समजावते, मला 'मॅडम' म्हणतात. बाबा गावभर सांगायचे, "सुजाता दवाखान्यात हाये." ही नोकरी मला घालवायची नव्हती. म्हणून मी स्वतःच्या हाताने 'पायाळू, पायाळू' लिहीत राहिले आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही.

*

लागला, तो विजेमुळे.

पायाळूवर वीज पडते, असाही एक समज. बाबा हसायचे, पण गडगडलं की आई मला हाताला धरून आत ओढायची. ती सवय हाडात बसलेली. एका दुपारी दवाखान्याच्या डोक्यावरच वीज कडाडली आणि मी शेकाची पिशवी तिथेच टाकून आतल्या खोलीत पळाले.

ती पिशवी ज्यांच्या पाठीवर पडली त्या अंजनाबाई, नेरच्या. सत्तरीच्या, पण नजर घारीची. पाठ विसरून त्या माझ्यामागे आत आल्या.

"काहून पळाली व?"

"काही नाही आजी, दचकले."

"दचकनारं मानूस कानावर हात ठेवते. तू तं घरात घुसली. पायाळू हायेस का तू?"

मी त्यांचे हात धरले. "आजी, कुणाला सांगू नका. माझी नोकरी जाईल."

"मी कायले सांगू?" त्या म्हणाल्या, आणि त्यांनी सांगितलंही नाही. फक्त त्या दिवसापासून दर खेपेला माझ्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या.

मी म्हणायची, "आजी, बसा ना."

"राहू दे. चुकून पाय लागला तं लागला!"

*

दवाखाना सुरू होऊन आठ महिने झाले असतील. सकाळची वेळ, बाहेर बाकडं भरलेलं, अंजनाबाई पहिल्या नंबरवर. सरांच्या हातातून पेनाचं टोपण पडलं. ते उचलायला सर वाकले.

आणि तसेच राहिले!

"सुजाता," जमिनीकडे बघतच ते म्हणाले, "मला उठता येत नाहीये."

मी आणि बाहेरचे दोघं जण मिळून त्यांना टेबलावर पालथं घातलं. मला येत होतं ते सगळं मी केलं. शेक दिला. उशी खाली घेतली, वर घेतली. त्यांनीच शिकवलेला श्वास घ्यायला लावला. पाऊण तास झाला, सर इंचभर हलेनात. स्वतःची कंबर स्वतःला बसवता येत नाही, आणि त्यांच्या विद्येचा दुसरा माणूस मुंबईच्या अलीकडे नव्हता.

दारातून अंजनाबाईंनी डोकावलं. त्यांना राहवलं नाही. "अवो, कायले वाट पाहून राह्यले? घरातच तं पायाळू हाये!"

सरांनी मान कशीबशी वळवली. "कोण? डॉक्टर पायाळू आलेत? बोलवा, आत बोलवा त्यांना!"

खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सरांना सगळं सांगितलं. जन्म, लाथ, पाणी, वीज, सगळं. शेवटी म्हटलं, "तुम्ही मुलाखतीत सांगितलं होतं ते माझ्या लक्षात आहे, सर. मी इथे कधीच कुणाला पाय लावला नाही."

मी मनातल्या मनात दवाखान्याचा पांढरा कोट काढून खुंटीला टांगलासुद्धा. बाबांना काय सांगायचं, हेच डोक्यात फिरत होतं.

मग टेबलाला तोंडासाठी असलेल्या भोकातून आवाज आला. "म्हणजे सात महिने मी ज्यांचा पत्ता शोधतोय, ते माझेच फॉर्म भरतायत?"

"होय सर."

"कुठला पाय?"

"डावा."

"टाच की चवडा?"

"चवडा, सर."

"जोर किती?"

"फार नाही. दार ढकलतो तेवढा."

"कितव्या मणक्यावर?"

"मणका माहीत नाही, सर. जिथे दुखतं तिथे."

"इंटरेस्टिंग," सर म्हणाले. मग हळूच, "मारता का?"

खरं सांगते, मला रडू आलं. ज्या पायापासून पळून मी इथे आले होते, तो पाय इथेही सापडलाच! आणि समोर ज्यांनी मला एकेक मणका नावानिशी शिकवला ते सर. मारावी तर मी पुन्हा अंगणातली पोर. न मारावी तर हा माणूस असाच पडून राहणार. बाबा असते तर त्यांनी काय केलं असतं?

बाबांनी अट घातली असती.

मी डोळे पुसले, टेबलाशेजारी खुर्ची ओढली आणि पेन हातात घेतलं. "आधी फॉर्म, सर."

"काय?"

"फॉर्म भरल्याशिवाय टेबलावर कुणालाही घ्यायचं नाही. नाव?"

बाहेर कुणीतरी खुदकन हसलं. सरांनी नाव सांगितलं, वय सांगितलं, व्यवसाय सांगितला.

"तक्रार?"

"लंबर स्पॅ..." सर थांबले. "उसण. उसण लिहा."

"दहापैकी किती?"

"बारा."

मी बारा लिहिलं. पाचव्या प्रश्नावर त्यांनी सांगितलं, "काही नाही. आत्ता घेतोय." सगळ्यात खाली एक रकाना होता, 'उपचार करणाऱ्याचं नाव'. तिथे आठ महिने सरांच्या नावाचा शिक्का पडत होता. माझा हात सवयीने शिक्क्याकडे गेला.

"शिक्का नको," सर म्हणाले. "तुमचं नाव लिहा. पूर्ण."

मी लिहिलं. माझं, बाबांचं आणि आडनाव. मग चप्पल काढली.

"सर, एक सांगायचं राहिलं. हे उपाशीपोटी करायचं असतं. मी सकाळी पोहे खाल्लेत."

"असू द्या. नोंद करा."

दोघांनी सरांना आधार देऊन भिंतीला धरून वाकलेलं उभं केलं. बाकड्यावरचे सगळे दारात गोळा झाले होते. एक. दोन. तीन.

सर भिंतीला धरून तसेच उभे. मग एक हात कंबरेवर गेला. मग दुसरा. मग ते हळूहळू, अगदी हळूहळू माझ्याकडे वळले. तोंडावर तो नेरच्या काकांचा भाव.

"सुजाता, आवाज तर नाही आला."

"आवाजाचा काही संबंध नसतो, सर."

"मग परत कधी येऊ?"

मी चप्पल घातली आणि तारखांची वही उघडली.

"सोमवारी या. मी उपाशी येते."